गावंडे मॅडमची बकरी

मी माईकची पिन हिरव्या भोकात खुपसली. ती गुलाबी भोकात घालायची असते.

चूक एवढीच. कॉम्प्युटरच्या डब्याला मागे दोन भोकं असायची, हिरवं ऐकायचं आणि गुलाबी बोलायचं. शाळेतली पोरंसुद्धा ती न बघता ओळखायची, आणि मी तर ऑफिसात कॉम्प्युटरचा माणूस म्हणून पगार घेत होतो. माझ्या टेबलावर तशी पाटीसुद्धा होती. कुणी करून देईना म्हणून मीच छापून चिकटवली होती.

माझ्या नावावर अशा चुका पुष्कळ आहेत. एकदा मी साहेबांचा पासवर्ड बदलला आणि तो साहेबांना सांगायचं विसरून लग्नाला गेलो, माझ्याच. एकदा बिघडलेल्या प्रिंटरसाठी कारागीर बोलावला, तर त्यानं फक्त बटण दाबलं आणि माझ्याकडे दयेनं बघून चहा न घेता निघून गेला. या गोष्टी मी कुठंही सांगतो, लोक हसतात, मलाही बरं वाटतं. हिरव्या भोकाची गोष्ट मात्र सांगायला घेतली की मध्येच पाणी प्यायला उठतो. आज लिहून टाकतो. लिहिताना उठलो तरी कुणाला दिसत नाही.

आमचं ऑफिस धंतोलीत, दुसऱ्या मजल्यावर. संत्र्याच्या बागांना ठिबकचं सामान पुरवायचं काम. मागच्या खोलीत काळ्या नळ्यांची भेंडोळी छतापर्यंत रचलेली आणि पुढच्या खोलीत आम्ही. हिशेब सांभाळायच्या शकुंतला गावंडे. माहेर काटोलजवळच्या खेड्यातलं, सासर नागपुरातलं. डोळ्यावर जाड चष्मा आणि चेहरा कायम ऑडिटच्या दिवसाचा. मी त्यांना मोठ्यानं हसताना कधीच पाहिलं नाही. त्यांचा आवाज मात्र त्यांच्या आधी ऑफिसात यायचा. त्या जिन्यात असतानाच "चहा झाला का रे?" एवढं विचारायच्या, आणि त्या खुर्चीत टेकेपर्यंत चहा टेबलावर असायचा.

आमचा ड्रायव्हर विलास खालच्या पानठेल्यावर तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळत उभा असायचा. मॅडम खुर्चीतून न उठता, खिडकीकडे नुसती मान वळवून ओरडायच्या, "विलासऽऽ, थुक ते अन् वर ये!" विलास थुंकायचा. त्याच्या बाजूला उभे असलेले, ज्यांचा आमच्या ऑफिसशी काही संबंध नाही असे दोघं-तिघंही थुंकायचे.

या आवाजाचं कारण घरी होतं. त्यांचे यजमान गावंडे सर, चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, अतिशय सज्जन आणि कानांनी अर्धे. मी एकदा भीत भीत म्हटलं, "मॅडम, ऑफिसात जरा हळू बोललं तर चालेल." त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "घरचा एक अन् हापिसचा एक, असे दोन आवाज कुठून आणू बाप्पा?"

या बाई गंभीर आहेत असं समजणं ही सगळ्या नव्या माणसांची चूक असायची, आणि ती दुरुस्त व्हायची संत्र्याच्या मोसमात. काटोलहून त्यांच्या भावाच्या बागेतली पिशवी आली की मॅडम एक संत्रं घ्यायच्या, देठाकडून टोपीएवढी साल कापायच्या, आतल्या फोडी एकेक करून काढून खायच्या, आणि टोपी परत बसवून ते पोकळ संत्रं ढिगाच्या अगदी वर ठेवायच्या. आपण हात घालायचा, उचलायचं, आणि हातात नुसती साल. मॅडम मान वर करायच्या नाहीत. बेरीज चालू. मी दर मोसमात फसलो. पोकळ आहे हे ओळखून मी ढिगाच्या तळातलं घ्यायला लागलो, तर त्यांनी पोकळ तळात ठेवलं.

बकरी मी केली ती रिकामपणात. मार्चअखेरचा गोंधळ आटोपला होता, करायला काही नव्हतं, आणि मला काही करायला नसलं की ऑफिसाला त्रास होतो. तर एक छोटा प्रोग्राम लिहिला. पडद्याच्या उजवीकडून एक बकरी यायची, इकडंतिकडं बघायची, पडद्यावरची चित्रं एकेक करून खायची आणि डावीकडून निघून जायची. कुठलंही बटण दाबलं की खाल्लेलं सगळं जागच्या जागी परत. कुणाचं काही बिघडत नव्हतं. ती मला सोडायची होती विक्रीवाल्या वानखडेच्या कॉम्प्युटरवर. मी नंबर टाकताना चुकलो आणि बकरी गेली मॅडमच्या पडद्यावर, वर्षाच्या ताळेबंदाच्या अगदी मधून चालत.

"पोट्ट्याऽऽ!"

हा मी. मला नाव होतं, पण मॅडमनी ते कधी वापरलं नाही. पुढं मला टक्कल पडलं, दोन मुलं झाली, तरी पोट्टाच राहिलो.

मी जाऊन उभा राहिलो. त्या पडद्याकडे बघत होत्या.

"हे काय होय?"

"बकरी आहे, मॅडम."

"असं का? मले वाटलं झोपाचा तखतपोस चालून राहिला."

मागे वानखडे खोकल्याचं नाटक करून हसत होता. मॅडमनी बकरी पडद्याबाहेर जाईपर्यंत बघितलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"पुढचा अन् मागचा पाय संगच उचलते कोणती बकरी? पडन ना ते जनावर. अन् चावून कुठं राहिली? गिळून राहिली. बकरी आहे का अजगर?"

"सॉरी मॅडम. काढून टाकतो."

"काढाले कोण सांगतलं? नीट कर अन् आण."

तिथून बकरी त्यांची झाली. मी फक्त राखायला.

जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन त्या माझ्या टेबलाशी यायच्या, सांबारवडीचा, म्हणजे कोथिंबिरीच्या वडीचा, एक तुकडा माझ्या झाकणात ठेवायच्या आणि पडद्यावरची बकरी चालवायला सांगायच्या. मान आधी पुढं गेली पाहिजे. जबडा आडवा हलला पाहिजे. खाताना मध्येच थांबून आपल्याकडं असं बघितलं पाहिजे, की आपणच तिच्या घरात आलो आहोत. हे सगळं त्यांना लहानपणच्या एका बकरीवरून ठाऊक होतं. तिचं नाव कबरी. "माह्या लग्नाच्या पत्रिका खाल्ल्या तिनं," त्या सांगायच्या. "हळदीचं बोट लावून ठेवल्या होत्या, गठ्ठाच्या गठ्ठा खाल्ला. बाबानं पुन्हा छापल्या नाई. अर्धं सासर बिनपत्रिकेचं आलं लग्नाले, अन् अजून टोमणे मारते."

म्हणून आमच्या बकरीचं नावही कबरी ठरलं.

त्यांचं सगळंच बरोबर असायचं असं नाही. शेपटी खाली पाहिजे, असा त्यांचा हट्ट. मी म्हटलं, बकरीची शेपटी वर असते. फोनवर बकऱ्यांचा एक व्हिडिओ काढून दाखवला, कळपच्या कळप, सगळ्या शेपट्या वर. त्यांनी तो शांतपणे शेवटपर्यंत पाहिला. "ह्या फोनातल्या बकऱ्या होय. काटोलच्या अशा नसते." कबरीची शेपटी खाली झाली. आजही खालीच आहे.

एक नियम मात्र त्यांनी पहिल्याच दिवशी घातला होता. खाल्लेलं परत आलं पाहिजे. दर सुधारणेनंतर बकरी आधी त्यांच्याच कॉम्प्युटरवर सोडायची, त्या खात्री करणार, मग बाकीच्यांकडे. "कोनाचं काम बुडलं तर बकरी कापीन," त्या म्हणायच्या, "अन् संग तुले बी."

मग एक दिवस म्हणाल्या, "मुकी काहून आहे ही?"

मी इकडून तिकडून बकऱ्यांचे आवाज गोळा करून ऐकवले. त्यांना एकही पटेना. ही रडून राहिली, ही आजारी आहे, ही बकरी नाहीच, माणूस आहे. मी वैतागून म्हटलं, "मग तुम्हीच काढून दाखवा मॅडम." थट्टेत म्हटलं होतं. त्या उठल्या.

मागच्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर होता, आणि नळ्यांच्या भेंडोळ्यांमुळे तिथं बाहेरचा आवाज येत नसे. मी माईक लावला. मॅडमनी आतून कडी घातली, एका भेंडोळ्यावर बसल्या, पदर सारखा केला आणि डोळे मिटून ओरडल्या, "बेंऽऽऽ!"

खरं सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. गोठ्याचा वाससुद्धा आला. पण कॉम्प्युटरात काही उमटलं नव्हतं. त्या पुन्हा ओरडल्या. पुन्हा काही नाही. दाराबाहेर वानखडेची कुजबुज ऐकू यायला लागली होती. मॅडम उठल्या, कॉम्प्युटरच्या मागे वाकून बघितलं.

"ते गुलाबी भोक रिकामं दिसून राहिलं. तुनं कशात घातलं?"

मी पिन काढून गुलाबीत घातली. मग जी बकरी ओरडली ती ओरडली. आणि तिच्यामागोमाग, माईक चालू आहे हे विसरून, भेंडोळ्यांकडे बघत मॅडम म्हणाल्या, "या पोट्ट्याले काही येत नाई, बाप्पा."

तेवढं कापायला पाहिजे होतं. मी कापलं नाही, द्वाडपणा म्हणून ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून कबरी सगळं खाऊन झालं की पडद्याच्या मधोमध उभी राहायची, ओरडायची, आणि गावंडे मॅडमच्या खणखणीत आवाजात ते वाक्य म्हणायची. बकरी कुणाच्याही पडद्यावर येवो, वाक्य संपलं की सगळं ऑफिस माझ्याकडे बघायचं. मॅडम सोडून. त्यांची बेरीज चालू.

आणखीही वाक्यं आली मग. कॉम्प्युटर बराच वेळ नुसता पडून असला तर, "काहून, काम नाई का?" दुपारी, "चाल, जेवाले." संध्याकाळी कुणी उगाच रेंगाळलं तर, "घरी जाय ना आता." मुख्य कचेरीतून आलेले एक साहेब आमच्या ऑफिसात बसून मोठं सादरीकरण करत होते, त्यांच्या आलेखाचे खांब कबरीनं उजवीकडून खायला सुरुवात केली. साहेबांनी विचारलं, हे कुणाचं काम? माझी नोकरी जायची लक्षणं दिसत होती. मॅडम उभ्या राहिल्या. "बकरी माही आहे," त्या म्हणाल्या. "बटन दाबा, सगळं वापस येते." साहेबांनी दाबलं. खांब परत आले. साहेब बकरीपेक्षा त्या आवाजाला जास्त दचकले असावेत, कारण विषय तिथंच संपला.

वानखडेची आई वारली तेव्हाची गोष्ट. तो मौद्याला गावी होता, पण एका बिलापायी तेरवीच्या आधीच एक दिवस ऑफिसात यावं लागलं. डोक्यावर वाढलेले खुंट, समोर कॉम्प्युटर उघडा आणि हात मांडीवर. बराच वेळ त्यानं बटण दाबलं नाही म्हणून कबरी आली. "काहून, काम नाई का?" वानखडेनं डोकं टेबलावर ठेवलं आणि तो रडायला लागला. मोठा माणूस, चार जिल्हे फिरणारा.

मॅडम उठून गेल्या, बकरी बंद केली, त्याच्या पाठीवर हात ठेवून थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग माझ्याकडे आल्या, आणि पहिल्यांदाच मी त्यांचा हळू आवाज ऐकला.

"बकरीले सुतक नाई का?"

"मॅडम, प्रोग्रामला सुतक कसं…"

"कसं ते तू पाय. ज्याच्या घरी झालं, त्याच्या मशीनवर तेरवी होतवर बकरी जानार नाई."

मी ते केलं. जगात सुतक पाळणारी ती एकच बकरी असावी. पुढं आमच्यात तो रिवाजच झाला. कुणाकडे मयत झाली की मॅडम येऊन मला नाव सांगायच्या, मी कबरीला तिथून वर्ज्य करायचो, आणि तेरवीच्या दुसऱ्या दिवशी ती आपोआप परत जायची. ती आली की तो माणूस डोळे पुसून हसायचा. वानखडे तर म्हणाला होता, "बकरी आली बाप्पा. आता लागलं पाहिजे कामाले."

एका उन्हाळ्यात मॅडमचा आवाज खरखरायला लागला. त्यांनी कूलरच्या नव्या वाळ्याला दोष दिला. मग धुळीला, मग मला, कारण कूलर माझ्या बाजूला होता. पावसाळा आला, कूलर बंद झाला, खरखर राहिली. आणि एक दिवस त्यांनी खिडकीकडे मान वळवून हाक मारली, "विलास…"

विलास थुंकला नाही. त्याला ऐकूच गेलं नव्हतं.

त्या पुन्हा ओरडल्या नाहीत. आम्ही सगळ्यांनी मान वर केली होती आणि सगळ्यांनी ती एकदम खाली घातली. मीच जिना उतरून विलासला बोलावून आणलं.

गळ्यात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. मॅडमनी हे आम्हाला एखादी चुकलेली नोंद वाचून दाखवावी तसं सांगितलं. "म्या सुपारी बी खाल्ली नाई जन्मात. खर्रा विलास खाते अन् गळा माहा कापते." विलास कोपऱ्यात उभा होता. त्यानं त्या दिवशी खर्रा सोडला. पुन्हा धरला नंतर, पण बरेच दिवस सोडला होता.

एका दुपारी त्या डबा घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. डबा उघडला नाही.

"पोट्ट्या, ते बकरीचं भरलं तसं माहं भरून ठेवता येईल का?"

"काय मॅडम?"

"बोलनं. मनीषाले दिवस आहे. ऑपरेशन आधी होते अन् बाळंतपन मंग. येनाऱ्याले आजी मुकीच भेटन." त्यांनी डब्याच्या झाकणावरून बोट फिरवलं. "त्याले माहीत तं पाहिजे ना, मी कशी बोलत होती ते."

मनीषा त्यांची एकुलती मुलगी, कामठीला दिलेली. ती म्हणाली, फोनवर करून घेऊ, सोपं आहे. बकरी सोडली तर तिच्या आईचा आवाज तोवर कुठंच भरून ठेवलेला नव्हता. मॅडमना फोनात बोलून ठेवायचा तिटकारा, "समोर ये अन् बोल" हे त्यांचं उत्तर. लग्नाच्या व्हिडिओत त्या होत्या, पण वरून बँड वाजत होता. मी मनीषाला म्हटलं, "ताई, फोनचा आवाज पत्र्यासारखा येतो. मी नीट करतो, आमच्या मागच्या खोलीत." हे मी म्हटलं. छाती पुढं काढून म्हटलं.

दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दुपारी मॅडम आल्या. ठेवणीतली साडी नेसून आल्या होत्या, जणू फोटो काढायचा आहे. मी माईक लावला, कॉम्प्युटर चालू केला, कुठलं बटण दाबायचं ते दाखवलं आणि स्टुलावर बसलो.

"तू बाहेर जा."

"मॅडम, बकरीच्या वेळी तर मी इथंच…"

"ते बकरीचं होतं. हे माहं आहे. मले लाज वाटते."

मी बाहेर आलो. दार प्लायवूडचं, पातळ. ज्या बाईचा आवाज पानठेल्यापर्यंत जायचा, त्या दारापलीकडे काय बोलत होत्या त्यातला एक शब्द मला ऐकू आला नाही. विलास माझ्या शेजारी उभा होता. त्यालाही नाही. बराच वेळ झाला. कडी निघाली. डोळे लाल होते, पण चेहरा पुन्हा ऑडिटचा.

"झालं. तू ऐकू नको. पहिले येनाऱ्यानं ऐकलं पाहिजे."

मी ऐकलं नाही. आयुष्यात एवढी एकच सूचना मी तंतोतंत पाळली.

ऑपरेशन झालं. काही आठवड्यांनी, मनीषाचे दिवस भरत आले तेव्हा, मी ते बाळासाठी वेगळं करून द्यायला उघडलं. ऐकायचं नव्हतं, नुसतं बघायचं होतं. आवाज असला की पडद्यावर डोंगर-दऱ्या दिसतात. इथं एक सरळ रेघ होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत, सरळ. मग मी ऐकलं. शेवटपर्यंत ऐकलं, मध्ये कुठं तरी काही असेल म्हणून. काही नव्हतं. मी उठलो, कॉम्प्युटरच्या मागे वाकलो. गुलाबी भोक रिकामं दिसत होतं.

मी त्यांच्या घरी गेलो. मॅडम खिडकीजवळच्या पलंगावर बसल्या होत्या, गळ्याभोवती पांढरं फडकं, मांडीवर पाटी आणि खडू. मी सांगितलं. वाटेत जुळवलेलं सगळं विसरलो आणि एका वाक्यात सांगून टाकलं. गावंडे सरांना ऐकू गेलं नाही. "काय म्हनता?" ते कानाला हात लावून म्हणाले. मी पुन्हा सांगितलं. "कोनती पिन?" मला ओरडावं लागलं. "पिन हिरव्या भोकात गेली, सर! काहीच भरलं नाही! मॅडमचं काहीच राहिलं नाही!" शेजारच्या गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या बाई थांबून आमच्याकडे बघायला लागल्या.

मॅडमनी तोंड भिंतीकडे केलं.

सर त्यांच्याजवळ बसले. "काय बोलली होती वं त्याच्यात? लिहून दे ना. मी वाचून दाखवीन त्याले." मॅडमनी पाटी घेतली. खडू टेकवला. तो तसाच टेकवून कितीतरी वेळ बसल्या, आणि पाटी कोरीच बाजूला ठेवली. दारापर्यंत मनीषा मला सोडायला आली, जड पावलांनी. "मी म्हनलं होतं फोनवर करू," एवढंच ती म्हणाली. रागानंसुद्धा नाही.

त्यानंतर मी बकरीकडे वळलो. त्यांच्या धडधाकट आवाजाचं जगात जे काही उरलं होतं ते तिच्या पोटात होतं. कबरीसाठी केलेली सगळी कच्ची ध्वनिमुद्रणं मी काढली, धूळ झाडावी तशी साफ केली आणि फोनवर चालणारी कबरी बनवली. पडद्यावर बकरी उभी, खाली मोठी बटणं, दाबलं की बोलणार. मध्येच मी एक अतिशहाणपणा केला. त्यांच्या शब्दांचे तुकडे जोडून "ये वं माय" असं काहीतरी बाळासाठी बनवलं. ते ऐकून मॅडमनी पाटीवर लिहिलं, "हे मी नाई." मी पुसून टाकलं. राहिलं ते सगळं बोलणी खायचं. काम नाई का, जेवाले चाल, घरी जाय. लाडाचा एक शब्द नाही. एवढ्या जन्माच्या बोलण्यातून आम्ही काय जपून ठेवलं होतं, तर एका बकरीचा वैताग.

कबरी घालून दिलेला फोन पुष्कळ दिवस मॅडमच्या उशीखाली पडून होता. मग एका सकाळी सरांचा फोन आला, ते ओरडत होते, पण ते नेहमीच ओरडतात म्हणून मला आधी कळेना. ते स्वयंपाकघरात होते, दूध वर आलं होतं, त्यांचं लक्ष नव्हतं, आणि पलंगावरून आवाज आला, "बेंऽऽऽ!" कानांनी अर्ध्या माणसाला तो पुरा ऐकू आला. "तिनं मले आवाज दिला!" सर म्हणत होते. "आवाज दिला तिनं!"

तिथून त्या कबरीच्या तोंडून बोलायला लागल्या. उशिरा तपासायला आलेल्या डॉक्टरांना "काहून, काम नाई का?" जास्त बसलेल्या पाहुण्यांना "घरी जाय ना आता." माझ्यासाठी पाटीवर सुधारणा लिहून ठेवायच्या. बटन मोठं कर. आवाज वाढव, सरले ऐकू नाई येत. एकदा मी गुपचूप शेपटी वर केली होती, तर पाटीभर एकच शब्द होता: खाली.

मनीषाला मुलगी झाली. त्या पोरीनं आजीची ओळख बकरी म्हणूनच करून घेतली. "बेंऽऽऽ" झालं की मान वळवून आजीच्या गळ्यातल्या फडक्याकडे बघायची.

पुढच्या उन्हाळ्यात मॅडम गेल्या. आजार दुसरीकडे पसरला होता. त्यांच्याबद्दल एवढं लिहिलं, पण याबद्दल मला लिहिता येत नाही.

घाटावरून आल्यावर मी ऑफिसात गेलो आणि सगळ्या कॉम्प्युटरांवर कबरीला सुतक लावलं. कुणी नाव सांगायला आलं नव्हतं. तेरवी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून प्रत्येक जण आपापल्या पडद्याकडे चोरून बघत होता. मला ती थांबवता आली असती. माझा हात धजला नाही. दुपार झाली आणि साऱ्या टेबलांवरून एकाच वेळी, त्या जुन्या, भरल्या, जिन्यापासून ऐकू येणाऱ्या आवाजात आलं, "चाल, जेवाले."

कुणी हललं नाही. वानखडेनं डोकं टेबलावर ठेवलं. दाराशी विलास उभा होता. तो खिडकीपर्यंत गेला, तोंडातला खर्रा थुंकला, आणि म्हणाला, "चला ना. मॅडम बलावून राहिल्या."

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या जायच्या थोडं आधी, मृग बहाराची संत्री बाजारात होती तेव्हा. खिडकीजवळच बसल्या होत्या, खूप वाळलेल्या, मांडीवर नात. शेजारी ताटात संत्री. त्यांनी बोटानं ताट दाखवलं, घे म्हणून. मी वरचं उचललं. हातात नुसती साल आली. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या.

मनीषा म्हणाली, "भाऊ, जरा धरा हिले, मी आईचं औषध आनते." आणि पोरगी माझ्या हातात आली. मला दोन मुलं आहेत, तरी मी तिला टीव्हीचा डबा धरावा तशी धरली. पोरगी आधी बारीक, मग मोठी, मग घर डोक्यावर घेऊन रडायला लागली. तिचा आवाज कुणावर गेला होता ते सांगायला नको. मी हलवून बघितलं, टाळी वाजवायला गेलो तर हात मोकळा नव्हता, म्हणून बकरीसारखा ओरडलो. ती आणखी रडली.

मॅडमनी खिडकीवरची नजर काढली. माझ्याकडे बघितलं, वरपासून खालपर्यंत. फोन उचलला आणि बटण दाबलं. पोरगी एकदम थांबली. ओल्या डोळ्यांनी तिनं आधी फोनकडे बघितलं, मग आजीकडे, मग माझ्याकडे.

"या पोट्ट्याले काही येत नाई, बाप्पा."